परसातील दुसरे घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने दोन्ही गोष्टी स्वतः केल्या असल्या पाहिजेत. घर बांधताना होणारा खर्च, कचेऱ्यांतील खेटे, गवंडी-सुतारांची मनधरणी हे सारे त्या एका वाक्यात आले. परंतु म्हणीत न आलेली एक गोष्ट पुढे अनुभवास येते. घर एकदा उभे राहिले की ते तसेच राहते. कुटुंब मात्र तसे राहत नाही. चार मुलांच्या गलबल्याने भरलेल्या घरात वीस वर्षांनी दोन वृद्ध जीव उरतात व अर्ध्या खोल्यांना कुलूप पडते. त्याच गावात त्यांचा विवाहित मुलगा एका खोलीचे भाडे भरता भरता मेटाकुटीस आलेला असतो. जागा आहे, माणसेही आहेत. दोहोंची गाठ मात्र पडत नाही. ही गाठ घालून देणे नगरपालिकेच्या हाती कितपत असते, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. यासाठी अमेरिका व कॅनडा येथील काही नगरांचा अनुभव आम्ही घेतला आहे. कारण या एका प्रश्नावर तेथे जेवढे प्रयोग झाले आणि जेवढ्या चुका होऊन पुढे सुधारल्या गेल्या, तेवढ्या क्वचितच अन्यत्र झाल्या असतील.

प्रथम वस्तू कोणती ते सांगू. मुख्य घराच्याच आवारात उभारलेले, स्वतःची चूल, न्हाणी व दार असलेले लहानसे बिऱ्हाड, याला तिकडील कायद्यात ‘ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट’ असे लांबलचक नाव आहे. बोलीभाषेत लोक त्याला आजीचे घर म्हणतात, आणि या साध्या नावातच त्याचा हेतू येऊन जातो. आम्ही येथे त्याला जोडघर म्हणू. ते परसात वेगळे बांधलेले असेल, मोटारखान्याचे रूपांतर करून केलेले असेल, तळघरात असेल किंवा मूळ घराचाच एक भाग भिंत घालून निराळा काढलेला असेल. जमीन नवी घ्यावी लागत नाही, रस्ता नवा करावा लागत नाही, नळ व वीज दारापर्यंत आलेलीच असतात. जोडघराचा मोठा गुण तो हाच.

मग ही सोयीची गोष्ट लोक आपण होऊन का करीत नव्हते? कारण बहुतेक ठिकाणी ती करणे बेकायदा होते. घोडागाडीच्या काळात अमेरिकेतील घरांच्या मागे गाडीखाने असत आणि त्यांच्या माडीवर कोणी ना कोणी राहतही असे. पुढे जमिनीच्या वापराचे विभाग पाडणारे नियम आले. ओहायो राज्यातील युक्लिड या गावाने केलेले असे नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली वैध ठरविले आणि गावोगावी त्यांचा प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जी विस्तीर्ण उपनगरे वसली त्यांत एका भूखंडावर एकच कुटुंब, एकच चूल, हा जणू दंडक झाला. कारखान्याचा धूर व गोंगाट घरांपासून दूर ठेवणे हा त्या नियमांचा एक हेतू होता आणि तो चांगलाच होता. परंतु धुराबरोबर सासूबाईंची चूलही हद्दपार झाली. आपल्याच जमिनीवर आपल्या आईला वेगळे स्वयंपाकघर बांधून देणारा मुलगा नियमभंग करणारा ठरू लागला. याचा परिणाम असा झाला की, ज्यांना निकड होती त्यांनी चोरून बांधले, आणि चोरून बांधलेल्या घरात ना खिडकी पुरेशी, ना विजेची तार सुरक्षित, ना भाडेकरूला तक्रारीस जागा.

कॅलिफोर्निया राज्याची कथा या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील विधिमंडळाने १९८२ सालीच जोडघरांना मुभा देणारा कायदा केला. कागदावर मुभा मिळाली. घरे मात्र उठली नाहीत. कारण तपशील ठरविणे नगरांच्या हाती होते, आणि अनेक नगरांनी एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. भूखंड अमुक इतका मोठा हवा, हद्दीपासून इतके फूट जागा सोडली पाहिजे, दोन मोटारींसाठी छप्पर हवे, शेजाऱ्यांची जाहीर सुनावणी झाली पाहिजे, असे एकेक कुंपण घातले गेले. प्रत्येक अट सुटी पाहिली तर वाजवी वाटे. साऱ्या मिळून मात्र दार बंद होई. २००२ साली केलेल्या सुधारणेने सुनावणीचे कुंपण काढले. नियमांत बसणाऱ्या अर्जाचा निर्णय अधिकाऱ्यानेच, कोणाच्या मर्जीवर न ठेवता, द्यावा असे ठरले. तरीही बाकीची कुंपणे उभीच होती.

खरा पालट २०१६ व २०१९ या वर्षी केलेल्या कायद्यांनी झाला. ते अनुक्रमे २०१७ व २०२० च्या आरंभी अमलात आले. त्यांतील मुख्य गोष्टी अशा : परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय झालाच पाहिजे. ८०० चौरस फुटांचे, १६ फूट उंचीचे, मागच्या व बाजूच्या हद्दीपासून ४ फूट सोडून बांधलेले जोडघर कोणत्याही नगराला नाकारता येणार नाही. मूळ घराच्या भिंतींच्या आतच ५०० चौरस फुटांपर्यंतचे आणखी लहान बिऱ्हाड काढता येईल. ७५० चौरस फुटांहून लहान जोडघरावर विकासशुल्क आकारता येणार नाही. एवढे झाल्यावर काय घडले ते आकडेच सांगतात. २०१६ साली राज्यभरात जोडघरांचे जे परवाने दिले गेले ते दीड हजारही नव्हते. २०२२ साली ते पंचवीस हजारांच्या आसपास गेले, आणि त्या वर्षी राज्यात मंजूर झालेल्या सुमारे दर पाच घरांत एक जोडघर होते. लोकांची गरज एकाएकी वाढली असे नव्हे. ती पूर्वीपासून होतीच. वाट तेवढी मोकळी झाली.

यातून पहिला धडा निघतो तो हा की, नुसते ‘मनाई नाही’ म्हणणे पुरेसे नसते. नियम स्पष्ट असावेत, मोजता येतील असे असावेत आणि त्यांत बसणाऱ्याला परवाना हक्काने मिळावा. आयुष्यात एकदाच बांधकाम करणाऱ्या गृहस्थाला ना वकील परवडतो, ना वर्षभराची अनिश्चितता. मोठा कंत्राटदार दहा सुनावण्या सोसतो. निवृत्त शिक्षक दुसऱ्याच सुनावणीला कागद गुंडाळून घरी जातो.

दुसरा धडा शुल्काचा. ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड नगराने १९९८ पासूनच आपले नियम सैल केले होते, तरी वर्षाकाठी थोडीच जोडघरे होत. नवे घर झाले की रस्ते, सांडपाणी व उद्याने यांच्या वाढीव खर्चाचा वाटा म्हणून नगरपालिका हजारो डॉलरांचे शुल्क घेई आणि लहान बिऱ्हाडावर त्याचा बोजा फारच जड पडे. २०१० साली पोर्टलंडने हे शुल्क जोडघरांपुरते काही वर्षांकरिता माफ केले. त्याच वेळी घराच्या आकाराची मर्यादाही वाढविली. २००९ च्या सुमारास वर्षाला जेमतेम काही डझन परवाने निघत, ते २०१६ पर्यंत पाचशेच्या वर गेले. यात शहाणपणाचा भाग असा की, २०१८ साली ही माफी कायम करताना नगराने एक अट घातली : ज्याला माफी हवी त्याने दहा वर्षे ते घर पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देणार नाही असे करारपत्र नोंदवून द्यावे. सार्वजनिक तिजोरीने सोडलेला पैसा गावात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर घालण्यासाठीच खर्च झाला पाहिजे, हा त्यामागचा न्याय आम्हांस पूर्णतः पटतो.

तिसरी गोष्ट मोटारीची. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण माणसासाठी घर बांधण्याच्या आड मोटारीचे घर आले, ही तेथील वस्तुस्थिती होती. जोडघर हवे तर आणखी एक-दोन मोटारी उभ्या करण्याची जागा दाखवा, असा नियम असे. आणि लहान भूखंडावर घर व मोटार दोन्ही मावत नसत. मोटारीसाठी सक्तीने जागा ठेवविल्याने गावाचे किती नुकसान होते, हे लॉस एंजलिस येथील विद्यापीठाचे प्राध्यापक डोनल्ड शूप यांनी आयुष्यभर सांगितले. त्यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला आणि ते स्वतः २०२५ साली दिवंगत झाले. आता कॅलिफोर्नियात बस किंवा रेल्वेच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत जोडघरासाठी जादा मोटारजागा मागता येत नाही, आणि मोटारखान्याचे घर केले तर गेलेल्या जागेची भरपाईही मागता येत नाही. वृद्ध आजी मोटार चालवीत नाही. तिच्यासाठी बांधलेल्या खोलीला मोटारीची अट घालण्यात अर्थ तो काय?

चौथा प्रश्न वादाचा आहे. जोडघर असलेल्या आवारात मालकाने स्वतः राहिलेच पाहिजे, असा नियम पूर्वी अनेक नगरांत होता. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, मालक अंगणात असला की भाडेकरूंवर लक्ष राहते, घरे सट्टेबाजांच्या हाती जात नाहीत. विरुद्ध बाजू म्हणते, नोकरीनिमित्त परगावी बदली झालेल्या किंवा वारसाहक्काने घर मिळालेल्या माणसाने काय करावे? शिवाय अशा अटीमुळे बँका कर्ज देताना कचरतात, कारण कर्ज बुडून घर बँकेकडे आलेच तर बँक काही तेथे राहावयास जाणार नाही. सिएटल नगराने २०१९ साली ही अट काढून टाकली व एका भूखंडावर दोन जोडघरांना परवानगी दिली. कॅलिफोर्नियाने स्वतंत्र जोडघरांच्या बाबतीत ती अट आधी काही वर्षांपुरती व २०२३ च्या कायद्याने कायमची रद्द केली. आमचा कल असा आहे की, मालकाने राहण्याची सक्ती नसावी. मात्र पोर्टलंडप्रमाणे सार्वजनिक सवलतीला सार्वजनिक हिताची अट जोडलेली असावी.

नियमांइतकीच मोठी अडचण अज्ञानाची असते. नकाशा कोणी काढावा, किती खर्च येईल, कोणत्या कचेरीत आधी जावे, हे सामान्य गृहस्थास ठाऊक नसते. यावर काही नगरांनी काढलेला उपाय आम्हांस फार आवडला. त्यांनी जोडघरांचे नमुना नकाशे आधीच तपासून मंजूर करून ठेवले. गृहस्थाने त्यांतील एक निवडावा, आपल्या भूखंडावर तो कोठे बसतो एवढे दाखवावे, आणि काम सुरू करावे. सिएटल व लॉस एंजलिस येथे ही सोय झाली, आणि २०२३ च्या एका कायद्याने कॅलिफोर्नियातील नगरांना १ जानेवारी २०२५ पर्यंत अशी व्यवस्था करणे बंधनकारक केले. शिंप्याकडे माप देऊन कपडा शिवणे आणि तयार कपडा घेऊन बाहीपुरता आखूड करणे यांतील अंतर ज्याला कळते, त्याला या युक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको. नगरपालिकेला यासाठी फारसा पैसा लागत नाही. थोडी कल्पकता व एक सौजन्यशील कारकून एवढे असले की काम भागते.

पैशाचा प्रश्न मात्र युक्तीने सुटत नाही. बांधकाम तिकडे अतिशय महाग आहे. साधे जोडघरही लाखाहून अधिक डॉलरांच्या घरात जाते. त्यामुळे सुरुवातीस या सवलतींचा लाभ मुख्यतः सुस्थितीतील कुटुंबांनी घेतला, हे नाकारता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या गृहवित्त संस्थेने मर्यादित उत्पन्नाच्या घरमालकांस नकाशे, परवाने, शुल्क अशा आरंभीच्या खर्चासाठी ४० हजार डॉलरांपर्यंत अनुदान देऊ केले, तेव्हा मागणी इतकी झाली की उपलब्ध निधी पाहता पाहता संपला. ज्यांच्यापाशी जमीन आहे पण रोकड नाही अशांची संख्या किती मोठी असते, हे यावरून कळावे. ज्या नगराला खरोखर गरजूंपर्यंत पोहोचावयाचे असेल त्याने नियम सैल करून थांबू नये. स्वस्त कर्जाची व्यवस्थाही करावी.

पूर्वी चोरून बांधलेल्या घरांचे काय करावे, हाही न्यायाचा प्रश्न आहे. ती सारी पाडावीत तर भाडेकरू रस्त्यावर येतात. डोळेझाक करावी तर एखाद्या रात्री आग लागून अनर्थ होतो. कॅलिफोर्नियाने मधला मार्ग काढला. २०२० पूर्वी विनापरवाना बांधलेल्या जोडघरांना, जीवितास धोका नसेल तर, केवळ आजचे बांधकामाचे नियम पाळले नाहीत म्हणून परवाना नाकारू नये असा कायदा २०२४ साली झाला. धोका तेवढा दूर करावा आणि घर कायद्याच्या छायेत आणावे, ही रीत दंड करून मोकळे होण्यापेक्षा अधिक समंजस आहे. भिऊन लपणारा माणूस तार दुरुस्त करीत नाही. ज्याला अभय मिळाले तोच दुरुस्त करतो.

शेजाऱ्यांच्या तक्रारी सर्वस्वी खोट्या असतात, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उजेड अडतो, झाडे जातात, रस्त्यावर गर्दी होते. या गोष्टी खऱ्या आहेत. सवलतीचा अतिरेक कसा होतो याचा दाखला सॅन डिएगो नगराने दिला. तेथे २०२१ पासून, एक जोडघर माफक भाड्याने देण्याचे वचन दिले की आणखी एक बांधण्याची मुभा मिळे, आणि बसस्थानकांजवळच्या भागांत या बेरजेला मर्यादाच नव्हती. तेव्हा काही धंदेवाल्यांनी एकेका परसात डझनांनी बिऱ्हाडे उभारण्याचे बेत केले. लोकांत संताप उसळला आणि २०२५ साली नगरसभेला ती योजना आवरती घ्यावी लागली. आजीच्या घराचे नाव घेऊन चाळ बांधली, तर उद्या खऱ्या आजीलाही घर मिळणार नाही. विश्वासाने दिलेली सवलत विश्वास टिकेल इतकीच ताणावी, हा त्यातील बोध.

कॅनडातील अनुभव आमच्या अनेक वाचकांच्या अधिक जवळचा आहे. कारण टोरांटो व त्याच्या आसपास गोव्याकडील कितीतरी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. घराखालील तळघराचे बिऱ्हाड हे नवागताचे पहिले घर, हा तिकडे गेलेल्या पुष्कळांचा अनुभव असतो. टोरांटोने २०१८ साली नगराच्या काही भागांत मागच्या गल्लीकडे तोंड असलेल्या घरांना परवानगी दिली, पुढे ती नगरभर वाढविली, आणि २०२२ साली जेथे मागे गल्ली नाही तेथील परसांतही घर बांधण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी ऑन्टॅरिओ प्रांताने नळ व गटार असलेल्या वस्तीत एका भूखंडावर तीन बिऱ्हाडांचा हक्क कायद्यानेच दिला. त्याआधीच, २००९ साली, व्हँकूव्हर नगराने गल्लीतील घरांस परवानगी दिली होती. ती घरे भाड्याने द्यावीत किंवा आप्तांस द्यावीत, पण मूळ घरापासून तोडून विकू नयेत, असा तेथील नियम ठरला. उलट कॅलिफोर्नियात २०२३ च्या कायद्याने वेगळ्या विक्रीचा निर्णय नगरांवर सोपविला आणि सॅन होजे नगराने २०२४ साली ती मुभा प्रथम दिली. कोणता मार्ग बरा, हे गावाच्या गरजेवर अवलंबून आहे. कुटुंब एकत्र राखावयाचे असेल तर पहिला. नव्या कुटुंबास स्वतःच्या मालकीचे लहान घर मिळवून द्यावयाचे असेल तर दुसरा.

या साऱ्याचे सार थोडक्यात असे. नगरपालिकेने स्वतः एकही वीट न रचता शेकडो घरे उभी करण्याचा हा मार्ग आहे. त्यासाठी तिने नियम थोडे व स्पष्ट ठेवावेत, मुदतीत उत्तर द्यावे, लहान घरावर मोठ्या घराचे शुल्क लादू नये, माणसाच्या आधी मोटारीचा विचार करू नये, तयार नकाशे हाती द्यावेत, गरजूला कर्ज मिळवून द्यावे आणि सवलतीचा व्यापार होऊ लागताच लगाम खेचावा. यांपैकी एकच गोष्ट करून भागत नाही. सातांपैकी सहा दारे उघडली आणि एक बंद राहिले तरी मनुष्य बाहेरच राहतो, हे कॅलिफोर्नियाने गमावलेल्या तीस-पस्तीस वर्षांनी सिद्ध केले आहे.

नियमांनी घर होते; घरपण मात्र माणसांना आणावे लागते, म्हणून शेवटी दोन शब्द कुटुंबांसाठी. अंगणात दुसरे बिऱ्हाड करावयाचे ठरले तर खर्च कोणी केला, भाडे कोणाचे, आईवडिलांमागे त्या घरावर हक्क कोणाचा, हे सर्व भावंडांना समोर बसवून आधीच लिहून ठेवावे. प्रेम आहे म्हणून कागद नको, असे म्हणणाऱ्यांचे प्रेम बहुधा कागदाअभावीच आटते. वृद्धांना तेथे पाठवावयाचे असेल तर मुख्य घरात त्यांची अडचण होते म्हणून पाठवू नये; त्यांना आपली चूल, आपले दार आणि आपली वेळ असावी म्हणून द्यावे. त्या दाराला आतून कडी असावी, आणि ती त्यांच्या हाती असावी. मधले अंगण मात्र दोन्ही घरांचे असू द्यावे. नातवंडांच्या पायांनी जेथे दिवसातून दहा वेळा वाट मळते, तेथे दोन चुली असूनही घर एकच असते. आणि जेथे ती वाट मळत नाही, तेथे एका छपराखालीही दोन घरे झालेली असतात.